बाटली चुकली तर विहीर सुटते
माती, भूजल आणि जमिनीतली हवा यांचा नमुना कसा घ्यावा, कसा मागावा

गेल्या जून महिन्यात तलासरीकडच्या महामार्गालगतच्या एका वस्तीतून एक ताई आमच्याकडे आल्या. पिशवीत कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली आणि तीत पाणी. पहिला पाऊस पडल्यापासून विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, असे त्यांचे म्हणणे. विहिरीत टीसीएल पावडर टाकून झाली होती. गावातल्या किटने पाणी तपासून झाले होते आणि पाणी पिण्यालायक आहे असे सांगण्यात आले होते. वास मात्र गेला नव्हता. "पाणी चांगलं आहे म्हणतात, मग वास कशाचा? माझी नात हेच पाणी पिते," ताई म्हणाल्या.

आम्ही ती बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेलो आणि तशीच परत आणली. तिथे आम्हाला तीनच प्रश्न विचारले. पाणी विहिरीतून भरले की घरातल्या पिंपातून? केव्हा भरले? आणि पाण्यात नेमके काय शोधायचे आहे? पाणी घरातल्या निळ्या पिंपातून भरलेले होते, तेही तीन दिवसांपूर्वी. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

वाचकहो, हा लेख त्या परत आलेल्या बाटलीमुळे लिहितो आहोत. नमुना चुकीचा घेतला तर दूषित विहीरसुद्धा कागदावर स्वच्छ ठरते. एकदा असा कागद तयार झाला की पुढची दोन वर्षे तोच वस्तीच्या तोंडावर धरला जातो. म्हणून नमुना घेणे हे काम साहेबांचे आहे असे समजून दूर उभे राहू नका. तो कसा घेतात हे प्रत्येक वस्तीतल्या दोन-चार जणांना तरी माहीत असले पाहिजे.

आपल्या भागाचा प्रश्न

डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याचे केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने जाहीर केले. उद्योगांसाठी तालुक्यात जास्तीत जास्त ५०० एकर जागा आणि तालुक्याच्या हद्दीभोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त, असे तिच्यात आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. कागदावर एवढे संरक्षण महाराष्ट्रात फार थोड्या तालुक्यांना आहे.

पण जमिनीखालच्या पाण्याला तालुक्याची हद्द कळत नाही. दक्षिणेला बोईसरजवळ तारापूर औद्योगिक वसाहत आहे, उत्तरेला गुजरातच्या हद्दीत उंबरगाव आणि वापी आहे. मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो आणि त्यावरून रसायनांचे टँकर रात्रंदिवस धावतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत त्याचे नाव अगदी वर आले.

तारापूरची गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. खाडीतली मासळी मरते, पाण्याचा रंग बदलतो, हे मांगेला मच्छीमार बांधव कितीतरी वर्षे सांगत होते. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तपासण्या झाल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने १०३ कारखान्यांवर सुमारे १६० कोटी रुपयांची भरपाई बसवली. मच्छीमारांचे डोळे आधीही खरे सांगत होते, पण त्यांच्या म्हणण्याला वजन आले ते तपासणीचे आकडे हातात आल्यावर.

मोठे कारखानेच विष सोडतात असेही नाही. जुन्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी, गाड्यांच्या बॅटऱ्या फोडणारे भंगारवाले, गॅरेजचे काळे ऑइल, ओढ्यात रिकामा केलेला टँकर, भरावासाठी आणून टाकलेली राख, वाडीतल्या फवारणीच्या औषधांचे डबे, यांतले काहीही पुरेसे आहे. आणखी एक गोष्ट घरातच असते: रसायनाचे रिकामे निळे पिंप धुऊन आपण पिण्याचे पाणी भरतो. ताईंच्या बाटलीतला वास विहिरीचा होता की पिंपाचा, हे त्या बाटलीवरून कोणालाच सांगता आले नसते.

जमिनीत गेलेले विष कुठे जाते

आपल्याकडे वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. समुद्राकडे वाळू आणि गाळ. जमिनीवर सांडलेल्या रसायनाचा काही भाग मातीला चिकटून राहतो. काही भाग पावसाच्या पाण्याबरोबर मुरमातून झिरपतो आणि पाषाणाच्या भेगांतून विहिरीपर्यंत पोचतो. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांसारखी लवकर उडणारी रसायने वाफ होऊन मातीच्या कणांमधल्या पोकळीत भरतात आणि तिथून वर येतात, कधी थेट घराच्या जमिनीतून.

म्हणून तपास तीन जागी करावा लागतो: मातीत, भूजलात आणि मातीतल्या हवेत. एकच तपासून "काही नाही" म्हणणे म्हणजे तापाच्या रोग्याचा फक्त हात बघून त्याला घरी पाठवणे.

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८८ च्या सुमारास एका कारखान्यात एच-ॲसिड तयार होऊ लागले. ते उत्पादन थोडाच काळ चालले, पण त्यातून निघालेला सुमारे २४४० टन विषारी गाळ उघड्यावर पडला. तो पावसाने जमिनीत झिरपला आणि जवळजवळ ६० विहिरी खराब झाल्या. ज्याने घाण केली त्यानेच निस्तरण्याचा खर्च द्यावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली या प्रकरणात दिला. कारखान्याचे ते काम बंद झाल्यावरही विहिरी वर्षानुवर्षे सुधारल्या नाहीत. भूजल एकदा बिघडले की लवकर सुधारत नाही, म्हणून संशय आला की लगेच नमुना घ्यायचा.

पाण्याचा नमुना

आधी किटबद्दल. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. ते किट चांगले आहे. आम्लता, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, क्लोरीन अशा गोष्टी त्याने कळतात. पण शिसे, कॅडमियम, पेट्रोल किंवा कारखान्याची द्रावके शोधायला ते बनवलेलेच नाही. ताईंच्या गावातले किट खोटे बोलले नव्हते. त्याला तो प्रश्नच विचारलेला नव्हता.

नमुना विहिरीतून किंवा बोअरमधूनच घ्यावा. पिंपातल्या पाण्याची शंका असेल तर पिंपाचा नमुना वेगळा घ्यावा. बोअर बरेच दिवस बंद असेल तर पाइपात साठून राहिलेले पाणी आधी काढून टाकावे लागते. बोअरमध्ये जितके पाणी उभे आहे त्याच्या तिप्पट, असा साधा हिशेब आहे. सहा इंची बोअरमध्ये एका मीटरला सुमारे १८ लिटर पाणी मावते. वीस मीटर पाणी असेल तर ३६० लिटर, म्हणजे १,१०० लिटरच्या आसपास उपसल्यावर बाटली भरायची. रोज चालणाऱ्या बोअरला किंवा हापशाला इतके लागत नाही, दहा-पंधरा मिनिटे चालवले की झाले.

उघड्या विहिरीत पेट्रोल-डिझेल वर तरंगते, तर कपडे आणि यंत्रे धुण्याची ट्रायक्लोरोइथिलीनसारखी द्रावके पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जातात. म्हणून पृष्ठभागाचा एक आणि खोलवरचा एक असे दोन नमुने मागावेत. कोणीही विहिरीत उतरू नये. वाकून काडी पेटवून तर मुळीच बघू नये. विहिरीत साठलेल्या वायूने माणसे जागच्या जागी गेली आहेत.

बाटल्या प्रयोगशाळेकडूनच आणाव्यात, कारण प्रत्येक तपासणीची बाटली वेगळी असते. जंतूंसाठी निर्जंतुक केलेली. शिसे-क्रोमियमसारख्या धातूंसाठी नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकलेली. उडून जाणाऱ्या रसायनांसाठी ४० मिलिलिटरची छोटी काचेची. पहिल्या दोन्ही विसळायच्या नाहीत. तिसरी काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी धरायची आणि आत बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायची. त्या बुडबुड्यात रसायन उडून जाते आणि पाणी निर्दोष ठरते. कोल्ड्रिंकच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीत ताईंचा पुरावा असाच उडून गेला असणार.

भरलेल्या बाटल्या लगेच बर्फाच्या डब्यात ठेवाव्यात. जंतूंचा नमुना २४ तासांच्या आत पोचला पाहिजे, शक्यतो त्याच दिवशी. स्कूटरच्या डिकीत पेट्रोलच्या कॅनशेजारी बाटल्या ठेवू नयेत. डिझेल पंप चालू असताना त्याच्या धुरात नमुना घेऊ नये. प्रत्येक बाटलीवर विहीर, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचे नाव लिहावे. वहीत कोणी कोणाच्या हाती कधी दिली याची नोंद करून सही घ्यावी.

एकाच विहिरीने भागत नाही. संशयाच्या जागेच्या चढावरची एक विहीर आणि उतारावरच्या दोन, अशा तीन तरी घ्याव्यात. चढावरची चांगली आणि उतारावरच्या खराब निघाल्या तर विष मधून कुठून तरी येते, हे शाळेतल्या मुलालाही कळेल. तपासणी वर्षातून दोनदा व्हावी: मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावर आणि पावसाळा सरल्यावर. पाणी जमिनीत वरखाली होते तसे विषाचे प्रमाणही बदलते.

मातीचा नमुना

शेतकरी बांधवांकडे मृद आरोग्य पत्रिका असते. तीत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, सामू अशा १२ गोष्टी येतात. ती खत किती द्यावे यासाठी आहे. मातीत शिसे किंवा तेल आहे का, हे तिच्यात येत नाही. तेव्हा ती दाखवून कोणी "जमीन चांगली आहे" म्हणाले तर ऐकून घेऊ नका.

माती वरच्या १५ सेंटिमीटरमधून एकदा आणि अर्धा ते एक मीटर खोलीवरून एकदा घ्यावी लागते. लहान मुले खेळतात, हात तोंडात घालतात, त्यांच्यासाठी वरची माती महत्त्वाची. विहिरीकडे काय निघाले आहे ते खालची सांगते. खुरपे प्रत्येक जागी धुऊन पुसून वापरावे, नाहीतर एका खड्ड्याचे विष दुसऱ्याच्या नावावर जाते. डाग पडलेल्या जागेची माती इतर चार जागांच्या मातीत मिसळू देऊ नका. मिसळली की प्रमाण पातळ होते आणि डाग लपतो. शिवाय लांबच्या, कधी भराव न पडलेल्या शेतातली माती तुलनेसाठी हवीच, कारण आपल्या काळ्या पाषाणाच्या मातीत लोह, तांबे, क्रोमियम असे काही धातू मुळातच असतात.

जिथे पिंप पुरल्याचा किंवा रसायन ओतल्याचा संशय आहे तिथे आपण स्वतः खणू नये. हे काम हातमोजे आणि मास्क असलेल्या माणसांनीच करायचे.

जमिनीतली हवा

ताईंच्या शेजारच्या घरात आणखी एक तक्रार होती. रात्री दारे-खिडक्या बंद केल्या की पहाटे घरात तसाच वास कोंडलेला असतो. पाणी तर मडक्यात झाकलेले. मग वास कुठून?

अशा वेळी मातीतली हवा तपासतात. जमिनीत साधारण दीड मीटर खोल बारीक भोक पाडून नळी सोडतात. नळीच्या टोकाभोवती वाळू आणि वर बेंटोनाइट माती भरून तोंड बंद करतात, म्हणजे बाहेरची हवा आत ओढली जात नाही. काही वेळ थांबून नळीतली जुनी हवा काढतात आणि मग खालची हवा स्टीलच्या निर्वात डब्यात किंवा कोळसा भरलेल्या नळीत सावकाश ओढून घेतात. बेंझिनसारखी रसायने त्यात सापडतात. बेंझिन वर्षानुवर्षे श्वासातून गेले तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो.

ही तपासणी पावसाळ्यात करून उपयोग नाही. मातीच्या पोकळ्यांत पाणी भरलेले असते, हवा निघतच नाही. आपल्याकडे हिवाळा-उन्हाळा हाच तिचा काळ. घरातली हवा त्याच वेळी तपासायची असेल तर आदल्या दिवशीच रॉकेल, रंगाचे डबे, अगरबत्ती, डासांची कॉइल बाहेर काढावी, नाहीतर दोष त्यांच्यावर ढकलला जाईल. पाणी तपासा एवढेच लिहिले तर हवा कोणी तपासणार नाही, म्हणून अर्जात तिची वेगळी मागणी करावी.

अहवाल हाती आला की

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० हे आहे. एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१, एकूण क्रोमियम ०.०५ आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा. शिशाची मर्यादा म्हणजे एक लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम, दहा हजार लिटरच्या दहा टँकरमध्ये मिळून. एवढे कमी विष डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही. पण लहान मुलाच्या मेंदूची वाढ खुंटवायला ते पुरते.

अहवालात बऱ्याच ठिकाणी 'बीडीएल' लिहिलेले असते. त्याचा अर्थ 'नाही' असा लावू नका. यंत्राला जेवढे सापडू शकते त्यापेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ. शिशाची मर्यादा ०.०१ आणि यंत्राला ०.०५ च्या खालचे दिसतच नसेल, तर त्या 'बीडीएल'ला किंमत नाही. म्हणून यंत्राची मर्यादा किती, हे अहवालावर लिहून मागा.

अर्ज आणि कायदा

आपण स्वतः घेतलेला नमुना आपल्याला सावध करतो. न्यायालयात टिकणारा नमुना अधिकृत अधिकाऱ्याने घ्यावा लागतो. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ च्या कलम ११ मध्ये हवा, पाणी, माती यांचे नमुने घेण्याचा अधिकार आणि त्याची पद्धत दिली आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची तारापूरसाठीची उपप्रादेशिक कार्यालये बोईसर भागात आहेत. नमुना घेताना वस्तीतली दोन माणसे हजर राहतील, असे अर्जातच लिहा.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नवे नियम काढले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, त्यानंतर तीन महिन्यांत सविस्तर पाहणी करायची आणि दूषित ठरलेली जागा लोकांना जाहीर करायची, असे त्यांत आहे. सफाईचा खर्च दोषीकडून घ्यायचा. हे नियम आले तेव्हा देशात १०३ दूषित जागा नोंदलेल्या होत्या आणि सफाई फक्त सात ठिकाणी सुरू झाली होती. आपली जागा यादीत आली नाही तर पुढचे काहीच होणार नाही. म्हणून पहिला अर्ज ग्रामपंचायतीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत मंडळाला, आणि पोच घेतल्याशिवाय परतायचे नाही.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे पेसा कायदा लागू आहे. ग्रामसभेचा ठराव इथे वजनदार असतो. बौद्ध वस्ती आणि शेजारचा आदिवासी पाडा यांच्या विहिरी एकाच पाषाणातल्या पाण्यावर आहेत, तेव्हा ठरावही दोघांनी मिळून मांडावा. तपासणीचा अहवाल दडवला गेला तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. त्या कायद्यात कागदांबरोबर पदार्थाचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क आहे.

तोवर घरात काय करायचे

- वास, रंग किंवा तेलाचा तवंग असलेले पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरू नका. लहान बाळाचे दूध त्यात कालवू नका.
- उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. पाणी आटून त्यांचे प्रमाण उलट वाढते. तुरटी आणि क्लोरीनही या कामाचे नाहीत.
- वास येणारे पाणी बंद न्हाणीत तापवून अंघोळ करू नका. वाफेबरोबर रसायन श्वासात जाते.
- रसायनाचे पिंप पिण्याच्या पाण्यासाठी कायमचे बंद करा.
- संशयाच्या जागी मुलांना खेळू देऊ नका. चपला दाराबाहेर ठेवा, जेवणाआधी हात धुवा.
- बाळाला अंगावर पाजणे थांबवू नका. आजारी पडलात तर पाण्याची हकीकत डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी आपल्याला सार्वजनिक पाण्यापर्यंत नेले. त्या पाण्यात आज काय मिसळले आहे, हे विचारणे आता आपले काम आहे.

ताईंच्या विहिरीचा नमुना आम्ही दुसऱ्यांदा घेतला. या वेळी प्रयोगशाळेच्या बाटल्या होत्या, बर्फाचा डबा होता, चढावरची एक आणि उतारावरच्या दोन अशा तीन विहिरी होत्या आणि चौथा नमुना त्या निळ्या पिंपाचा होता. वही ताईंच्या सुनेने लिहिली. अहवाल अजून यायचा आहे. तोवर वस्तीने पिण्याचे पाणी चढावरच्या लांबच्या विहिरीवरून आणायचे ठरवले आहे आणि ज्या घरांत फक्त म्हातारी माणसे आहेत त्यांच्या हंड्यांची पाळी तरुण मुलांनी वाटून घेतली आहे.